कडुलिंबाचा डहाळा

हळर्णच्या किल्ल्याच्या पायथ्याशी नदी संथ वाहते. वरच्या अंगाला तिला तिळारी म्हणतात, खाली तीच चापोरा होते आणि मोरजी-चापोऱ्याच्या मधून समुद्राला मिळते. वाडीच्या सावंत भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला आणि त्या विजयाबद्दल त्याला 'अलोर्नाचा मार्क्विस' ही पदवी मिळाली. अलोर्ना म्हणजे आमचे हळर्ण. पेडणे महालातल्या या लहानशा गावाचे नाव अशा रीतीने लिस्बनच्या दरबारात पोहोचले. पण गावातल्या आम्हां पोरींना समुद्र पाहायला मिळे तो वर्षाकाठी एखादे वेळी, तोही किनाऱ्यावरूनच.

आमची अक्का मात्र समुद्रावरून सासरी गेली. १९७३ च्या वैशाखात तिचे लग्न झाले. सासर बडोद्याचे, चार पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन स्थायिक झालेले. गावाहून मोटारीने पणजी, पणजीहून आगबोटीने मुंबई आणि तेथून आगगाडीने बडोदे, असा त्या वेळचा प्रवास. पणजीच्या धक्क्यावर आम्ही सगळी तिला पोहोचवायला गेलो होतो. बोटीचा भोंगा झाला, धक्का आणि बोट यांच्यामधले पाणी रुंदावत गेले आणि अक्काचे हिरवे लुगडे दिसेनासे झाले. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. पुढे कितीतरी दिवस भोंग्याचा आवाज आठवला की मला रडू येई.

त्यानंतर अक्का माहेरी अनेकदा आली, पण कधी एस.टी.ने, कधी गाडीने. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे ज्यांच्या तोंडी होती ती पिढी वृद्ध झाली, ती बोटसेवा बंद पडली. १९९८ पासून कोकण रेल्वे मुंबईपासून गोव्यापलीकडे अखंड धावू लागली आणि समुद्राची वाट कोणाला आठवेनाशी झाली. अक्काच्या मनात मात्र ती वाट होती. "एकदा तरी बोटीने माहेरी यायचे आहे गो," असे ती म्हणे. "गेले तेव्हा मागे वळून पाहत गेले. येताना पुढे पाहत यावे असे वाटते."

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाचे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले, तेव्हा तिने वर्तमानपत्रातले कात्रण मला पाठविले होते. ते जहाज फार काळ चालले नाही. मग महामारी आली. पुढे २०२१ पासून मोठी पर्यटन जहाजे मुंबईहून गोव्याकडे येऊ लागली. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, तिकिटे काढली. अक्का, भाचा, सूनबाई, चौदा वर्षांचा नातू, आणि अक्काचा हट्ट म्हणून पाचवी मी. "तुला धक्क्यावर रडत ठेवून गेले होते. आता माझ्याबरोबर बोटीवर असायला हवीस," ही तिची अट. मी हळर्णहून गाडीने मुंबईस जायचे आणि तिच्यासह समुद्रावरून परत यायचे, असे ठरले. गावच्या जत्रेला आम्ही दोघी बरोबर पोहोचणार होतो. दशावतारी नाटकाला पुढल्या रांगेत बसायचे, हेही ठरून गेले होते.

वाचकहो, इथवर सगळे यथासांग होते. दादरला भाच्याच्या स्नेह्यांच्या घरी आम्ही सारे जमलो. बेसनाचे लाडू, आवळासुपारी, 'बोट लागली तर' म्हणून लिंबे आणि सुंठ, अशी अक्काची तयारी पाहून नातू हसत होता. जहाज निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माझा घसा खवखवू लागला. गाडीतल्या गार वाऱ्याने असेल, असे मी स्वतःला समजावले. रात्री हुडहुडी भरली. अंग चुलीवरच्या तव्यासारखे तापले. शेजारी अक्का शांत झोपली होती. पहाटे तीनच्या सुमारास मी अंधारात उठले, पिशवीतून तापावरची गोळी काढली आणि पाण्याचा आवाज होऊ न देता गिळली. शेजारच्या माणसाला कळू नये म्हणून औषध घेण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

सकाळी घाम येऊन अंग निवले होते. चहाच्या वेळी नातू सर्वांची आरोग्यविषयक माहिती भरू लागला. जहाजावर चढण्यापूर्वी प्रत्येकाने ती द्यावी लागते. गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, घसादुखी, उलट्या, जुलाब यांपैकी काही? तो एकेकाला विचारीत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशीआजी, तुम्हांला?" मी म्हणाले, "नाही रे बाबा." त्याने खूण केली आणि पुढे गेला. छत्तीस वर्षे शाळेत मुलांना खरे बोलावे म्हणून सांगितलेल्या बाईला ते खोटे उच्चारायला एक क्षणही लागला नाही.

मी खोटे का बोलले, याचा मागाहून पुष्कळ विचार केला. मला जहाजाची हौस नव्हती. मला भीती वाटत होती ती अक्काच्या चेहऱ्याची. एक्कावन्न वर्षांची तिची इच्छा माझ्या घशापायी मोडणार, भाच्याचे पैसे बुडणार, मुलाची सुट्टी वाया जाणार, आणि 'मावशी आली आणि सगळे बिघडले' असे कोणी बोलले नाही तरी सर्वांच्या मनात राहणार. एवढे सगळे डोक्यावर घेण्यापेक्षा एक 'नाही' सोपे वाटले.

बॅलार्ड पिअरच्या बंदरावर मोठी रांग होती. आमच्या पुढे एक तरुण मुलगी कडेवर पाच-सहा महिन्यांचे बाळ घेऊन उभी होती. बाळ मागे वळून माझ्याकडे टकमक पाहत होते. लहान मुलाकडे हात न जाणारी बाई विरळा. मी बोट पुढे केले आणि त्याने ते मुठीत घट्ट धरून तोंडाकडे नेले. मी झटक्यासरशी बोट मागे घेतले. बाळाची आई जरा चमकून माझ्याकडे पाहू लागली. त्या क्षणी मला आमच्या हळर्णच्या घराचे दार दिसले.

मी सहा-सात वर्षांची असताना आमच्या धाकट्या भावाला कांजिण्या आल्या. आईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे परसातल्या कडुलिंबाचा डहाळा तोडून दाराच्या चौकटीला बांधला. गावाला ती खूण ठाऊक होती. मग कोणी ओटीच्या पुढे येत नसे. ज्यांच्या घरी तान्ही मुले, ज्यांच्या घरी दिवस गेलेली सून, ती माणसे पायरीखालूनच विचारपूस करीत. दुसरीही एक गोष्ट होत असे. सकाळी पाहावे तो ओटीवर कोणी शहाळी ठेवून गेलेले असे, कोणी पेजेचे तांदूळ, कोणी विहिरीचे पाणी काढून कळशा भरून ठेवलेल्या. डहाळा लोकांना दूर ठेवी आणि मदत जवळ आणी. देवीचा कोप की रोगाचा जंतू, हा वाद वेगळा. त्या डहाळ्याने घराच्या आतली गोष्ट बाहेरच्याला वेळीच कळे, एवढे खरे.

तपासणीच्या टेबलाशी आमचा नंबर आला. तेथल्या कर्मचाऱ्याने कपाळासमोर यंत्र धरले. ताप नव्हता. पहाटेच्या गोळीने आपले काम चोख केले होते. तापमापकसुद्धा माझ्या बाजूने खोटी साक्ष देत होता. तेव्हा माझ्या लक्षात आले, की आता या बंदरावर खरे काय ते सांगू शकेल असे एकच यंत्र उरले आहे आणि ते म्हणजे माझी जीभ. मी म्हणाले, "मला रात्री ताप होता. गोळी घेतली आहे. सकाळी मी खोटे सांगितले."

भाचा माझ्याकडे पाहतच राहिला. डॉक्टरांना बोलावण्यात आले. ते तरुण होते, त्यांनी घसा पाहिला, छाती तपासली आणि म्हणाले, "आजी, सांगितलंत हे फार चांगलं केलंत." मला चढता येणार नव्हते, हे उघड होते. बाकीचे चौघे दोन दिवस माझ्यासह एका घरात, एका ताटाशी होते. अक्काने कोणाला काही न विचारता आपली पिशवी रांगेतून बाजूला घेतली. भाच्याने क्षणभर जहाजाकडे पाहिले, सूनबाईशी दोन शब्द बोलला आणि म्हणाला, "चला, सगळेच परत जाऊ." टॅक्सीत कोणी बोलत नव्हते. नातू खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. पैशांपैकी काही भाग परत मिळाला, बराच गेला. प्रवासाचा विमा काढायचा आमच्याकडूनच राहून गेला होता. त्याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

मला इन्फ्लुएन्झा झाल्याचे संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले. चार दिवस मी अंथरुणाला खिळून होते. अक्काला काही झाले नाही, इतर कोणालाही झाले नाही. पाचव्या दिवशी नातवाने मनातले विचारले, "मग आपण बाकीचे गेलो असतो तरी चाललं असतं ना?" प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हणाले, "चालले असते, हे आज कळते. बंदरावर कोणाला कळत होते?" त्याचे समाधान झालेले दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही पुरते झाले नव्हते. म्हणून अंथरुणात पडल्या पडल्या, आणि पुढे बरी झाल्यावर, मी या विषयावर जे जमेल ते वाचले.

जहाज आणि रोग यांचे नाते फार जुने आहे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्रावरील रागूसा या बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, रोगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्या लोकांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतल्या 'चाळीस'वरून क्वारंटाईन हा शब्द आला, जो २०२० साली आपल्या घराघरांत मराठीच होऊन गेला. पूर्वी रोगाची शंका असलेल्या जहाजावर पिवळे निशाण लावीत. गंमत अशी, की आजच्या सागरी संकेतांत तेच पिवळे निशाण 'माझे जहाज निरोगी आहे, बंदरात येण्यास परवानगी असावी' असे सांगते. निशाणाचा अर्थ उलटला. पण किनाऱ्याला आपली अवस्था अगोदर कळविण्याचे कर्तव्य तसेच राहिले.

त्या कर्तव्यात चूक झाली नाही तरीही काय होऊ शकते, याचे उदाहरण ताजे आहे. २० जानेवारी २०२० रोजी 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरातून निघाले. त्यातील एका वृद्ध प्रवाशाला आदल्याच दिवसापासून खोकला होता. खोकल्यासाठी कोण सहल रद्द करतो? तो २५ तारखेला हाँगकाँगला उतरला आणि १ फेब्रुवारीला त्याला करोनाची बाधा असल्याचे निश्चित झाले. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांतील ७१२ जणांना अखेर बाधा झाली. १३८ भारतीयही त्यात अडकले होते. त्यांपैकी १३२ जण जहाजावरचे कर्मचारी. सगळे त्या एकाच माणसामुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला काय झाले आहे, हे तेव्हा जगालाच नीट माहीत नव्हते. पण जहाज म्हणजे काय, हे त्यातून कळते. हजारो माणसे एका छपराखाली, एका पंक्तीला, एकाच कठड्याला हात लावून जिने चढणारी. गावात रोग आला तर माणूस आपल्या घराचे दार लावून घेऊ शकतो. जहाजावर दारापलीकडे समुद्र असतो.

आपल्या गोव्यानेही हे पाहिले. जानेवारी २०२२ च्या आरंभी मुंबईहून नववर्षासाठी निघालेले पर्यटन जहाज मुरगाव बंदरात उभे होते. एका कर्मचाऱ्याला बाधा असल्याचे आढळले, म्हणून जहाजावरील सुमारे २,००० जणांची तपासणी झाली आणि ६६ जण बाधित निघाले. गोव्याचा किनारा डोळ्यांसमोर असून उतरायची सोय नाही, अशा अवस्थेत ते जहाज सहल अर्धी टाकून मुंबईला परतले.

तरीही माणसे आजार लपवितात. माझ्यासारखी सुशिक्षित, वयस्क माणसेही लपवितात. त्याचे उत्तर मला आणखी एका जुन्या प्रसंगात सापडले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाने माणसे दगावू लागली तेव्हा, हा प्लेग आहे, असे निदान करणारे डॉक्टर आकासियु व्हिएगश हे मूळचे आपल्या गोव्याचे, बार्देशातले हडफडे गावचे. बंदरातल्या व्यापारी शहराला नको असलेली ती बातमी होती. त्यांच्या निदानावर पुढे शिक्कामोर्तब झाले. मग १८९७ चा साथरोगाचा कायदा आला, घरोघर झडत्या सुरू झाल्या, रुग्णांना ओढून छावण्यांत नेऊ लागले. परिणाम असा झाला, की लोक रुग्णांना लपवू लागले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरे, तेव्हा नुसत्या लपविण्याने किंवा उघड करण्याने सगळे टळले असते असे नाही. पण माणूस आजार कधी लपवितो, हे त्यावरून कळते. खरे सांगण्याची किंमत फार झाली, की लोक ते सांगेनासे होतात.

या ठिकाणी मला अक्काने सांगितलेली गोष्ट लिहायची आहे. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे. मुंबईत माझा ताप उतरला त्या रात्री ती उशाशी बसली होती. मी म्हणाले, "अक्का, माझ्यामुळे तुझी बोट गेली." ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "लग्नाच्या वेळी बोटीवर मी रात्रभर पडून होते, ते आठवते? मी पत्रात लिहिले होते, बोट लागली म्हणून."

मला आठवत होते. आई ते पत्र पुन्हा पुन्हा वाचून हळहळली होती.

"बोट लागली नव्हती गो. मला ताप होता. पणजीच्या धक्क्यावरच कणकण होती. नवी सून पहिल्याच पावली आजारी, असे कोणी म्हणू नये म्हणून मी बोलले नाही. जाऊबाई शेजारी निजल्या होत्या, माझे डोके मांडीवर घेऊन. त्यांना पाचवा महिना होता. बडोद्याला पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी अंगावर कांजिण्या उठल्या."

कांजिण्या अंगावर दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागू शकतात, आणि गरोदर बाईला त्यांचा धोका अधिक, हे आज सर्वांना माहीत आहे. अक्काच्या सासूबाईंनाही अनुभवाने ते माहीत असावे. त्यांनी जाऊबाईंना तत्काळ माहेरी धाडले. पुढले तीन आठवडे अक्काने कसे काढले, ते तिचे तिला ठाऊक. रोज पोस्टमन आला की तिच्या पोटात गोळा येई. जाऊबाईंना काही झाले नाही. यथाकाल मुलगा झाला. "त्याच्या हातापायांची बोटे मी सतरांदा मोजली," अक्का म्हणाली. "सासूबाई एकच वाक्य बोलल्या. 'बोलली असतीस तर तुला कोणी काही म्हटले नसते.' पण ते मला बोटीवर कोणी सांगितले नव्हते."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "परवा तू टेबलाशी बोललीस तेव्हा मला आधी राग आला. मग वाटले, मी जे एकवीस वर्षांची असताना करायला हवे होते, ते माझ्या धाकट्या बहिणीने केले. म्हणून पिशवी उचलली."

अक्काची गोष्ट ऐकल्यावर मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आजारी माणसाने खरे सांगावे, हा उपदेश अर्धाच आहे. उरलेला अर्धा ऐकणाऱ्यांसाठी आहे. आमच्या गावात डहाळा बांधायला लोक कचरत नसत, कारण डहाळा बांधलेल्या घराच्या ओटीवर शहाळी येत. ज्या घरात आजारी पडणे हा अपराध ठरतो, त्या घरात डहाळा कोण बांधील? म्हणून सहलीची तयारी करताना सामानाच्या यादीत आणखी एक गोष्ट लिहावी. निघण्यापूर्वीच घरातल्या कर्त्या माणसाने सर्वांसमोर म्हणावे, 'कोणाला काही वाटले तर सांगा. सहल पुन्हा करू, कोणी कोणाला बोल लावायचा नाही.' एवढे वाक्य माझ्या कानांवर पडले असते, तर पहाटे तीनला मी अंधारात गोळी गिळली नसती.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. आमच्या वाडीवरचा एक तारवटी अनेक वर्षे पर्यटन जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला होता. त्याच्याशी बोलून आणि डॉक्टरांना विचारून ज्या ठरविल्या, त्या येथे देते.

तापावरची गोळी ताप उतरविते, रोग दुसऱ्याला लागण्याचे थांबवीत नाही. म्हणून गोळी न घेता चोवीस तास ताप नसेल, तरच ताप गेला असे समजावे. इन्फ्लुएन्झा लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला लागू शकतो. त्याची लस टोचून घेतल्यावर शरीराची तयारी व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा प्रवासाच्या आदल्या आठवड्यात ती आठवून फारसा उपयोग नाही. पासष्टी उलटलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारावे.

जहाजावर दुसरा शत्रू उलट्या-जुलाबांचा. त्याला बहुधा कारण होणारा नोरोव्हायरस हा विषाणू अत्यल्प प्रमाणातही लागतो आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांत प्रकट होतो. हाताला चोळायच्या द्रवाला तो फारसा दाद देत नाही; साबण आणि वाहते पाणी हाच त्यावर खरा उपाय. आमचा तारवटी सांगतो, की स्वयंपाकघरातल्या माणसाला असा त्रास झाला, तर बरे वाटू लागल्यावरही पुरे दोन दिवस त्याला अन्नाजवळ फिरकू देत नाहीत. "पण त्याचा पगार कापत नाहीत, म्हणून तो सांगतो," हे वाक्य त्याने सहज म्हटले. मला त्यात या सगळ्या लेखाचे सार दिसले.

विमा काढायचा तो तिकीट काढतानाच. आजारामुळे सहल रद्द झाल्यास भरपाई मिळते का, कोणता दाखला लागतो आणि जुन्या व्याधी त्यात धरल्या आहेत का, हे आधी वाचावे. आजारी पडल्यावर काढलेला विमा त्या आजाराला लागू होत नाही. नेहमीची औषधे हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट ठेवावीत. बंदरावर एक दिवस आधी पोहोचावे. जहाजावर डॉक्टर असतो, पण ते काही रुग्णालय नव्हे. किनारा दूर असताना साधा आजारही जड जातो. आणि वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वीच्या दिवसांत भेटीगाठी, खरेदी, मेजवान्या यांची दगदग आवरती घ्यावी.

माझा ताप गेल्यावर आठवड्याने आम्ही पाचही जण आगगाडीने गोव्याला आलो. जत्रा होऊन गेली होती. दशावतारी मंडळी दुसऱ्या गावी निघून गेली होती. नातवाचा रुसवा किल्ल्याच्या बुरुजावर चढल्यावर बराचसा निवला, एका व्हाइसरॉयने आपल्या आजीच्या गावचे नाव पदवी म्हणून मिरविले, हे ऐकून त्याने दोनदा विचारले, "खरंच?" दुसऱ्या दिवशी गावच्या एका नाखव्याने आम्हांला होडीतून नदीवर नेले. ते काही जहाज नव्हते आणि तो समुद्रही नव्हता. अक्का पुढच्या फळीवर बसली. होडी वळली तेव्हा किल्ला, पोफळी आणि आमच्या घराचे कौलारू छप्पर समोर आले. ती पुढे पाहत होती.

काठावर उतरताना नातू म्हणाला, "मावशीआजी, पुढच्या वर्षी पुन्हा तिकिटं काढू. फॉर्म मीच भरीन. पण या वेळी सगळ्यांना दोनदा विचारीन." मी म्हणाले, "जरूर विचार. आणि कोणी 'हो' म्हणाले, तर काय करशील?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "आधी शहाळं आणीन."

असो. वाचकांपैकी अनेकांकडे आगबोटीच्या दिवसांच्या आठवणी असतील. त्यांतली एखादी, आजवर कोणाला न सांगितलेली, असेल तर ती घरातल्या मुलांना आता सांगून टाकावी, एवढीच विनंती.